ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी एआय घ्यावं का? कळंबोलीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कळंबोलीत तुमचं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे, थोड्या गाड्या स्वतःच्या आणि बाकी बहुतेक माल मार्केटच्या, म्हणजे बाहेरून भाड्याने घेतलेल्या, गाड्यांवर. गेल्या महिन्यात तळोज्यातून भरलेल्या एका गाडीचा ॲडव्हान्स भलत्याच माणसाच्या खात्यात गेला, ड्रायव्हरने माल अडवला आणि तुम्हाला तेच पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले. त्यानंतर एक सॉफ्टवेअरवाला येऊन सांगून गेला की आमचं एआय बसवा, फ्रॉडही बंद आणि सायबर हल्लेही बंद. हे खरं आहे का, आणि घ्यायचंच तर काय बघून घ्यायचं, हा तुमचा प्रश्न.

मी बरीच वर्षं मुंबई, न्हावा शेवा, भिवंडी या पट्ट्यात ट्रान्सपोर्टच्या ऑपरेशनला होतो आणि आता ट्रान्सपोर्टर आणि गोदामवाल्यांसाठी फ्रॉडची तपासणी आणि सिस्टिम सिक्युरिटीचंच काम करतो, त्यामुळे जे सांगतोय ते त्या कामातून आलेलं आहे.

एआयच्या आधी एक गोष्ट, कारण ती वेळेची आहे. गेलेल्या पैशांची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर केली नसेल तर आजच करा. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते अडवता येतात, महिन्यानंतर ती शक्यता फार कमी उरते हे खरंय, पण तोच खाते नंबर आणि तोच मोबाईल दुसऱ्या चार जणांच्या तक्रारीत असू शकतो आणि तक्रारी जोडल्या गेल्या की तपासाला धागा मिळतो. पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. यूटीआर म्हणजे बँकेचा व्यवहार नंबर, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, आलेले आरसीचे फोटो, कॉलच्या वेळा, यातलं काहीही उडवू नका. रागाच्या भरात लोक नंबर ब्लॉक करून चॅट डिलीट करतात आणि पुरावाच जातो.

आता मूळ प्रकाराकडे येऊ. तुमच्याकडे जे झालं ते माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त दिसतं, आणि ते कसं चालतं हे नीट समजल्याशिवाय एआय कुठे लावायचं तेच कळणार नाही. एक माणूस मधे बसतो. तो तुम्हाला फोन करतो की माझी गाडी कळंबोलीत रिकामी उभी आहे, हैदराबादचं भाडं असेल तर द्या. तोच माणूस दुसऱ्या नंबरवरून एका खऱ्या गाडीमालकाला सांगतो की मी अमुक ट्रान्सपोर्टमधून बोलतोय, तळोज्यातून माल आहे, गाडीचे पेपर पाठवा. मालक आरसी, इन्शुरन्स, पॅन, ड्रायव्हरचं लायसन सगळं पाठवतो आणि ते जसंच्या तसं तुमच्या व्हॉट्सॲपवर येतं. तुम्ही सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून बघता, गाडी खरी, फिटनेस चालू, परमिट चालू. गाडी खरोखर लोडिंगला लागते, माल भरला जातो, बिल्टी म्हणजे मालाची पावती बनते, जीएसटीच्या ई-वे बिलात गाडीच्या माहितीच्या भागात, म्हणजे पार्ट बी मध्ये, गाडी नंबर चढतो, तुमचा माणूस गेटवरून फोटो पाठवतो. इथपर्यंत सगळं खरं. फक्त ॲडव्हान्ससाठी आलेला खाते नंबर त्या मधल्या माणसाचा. पैसे पडले की दोन्ही फोन बंद. ड्रायव्हर पुढच्या पंपावर विचारतो डिझेलचे पैसे कुठायत, मालक म्हणतो मला एक रुपया आलेला नाही, आणि मग माल अडवला जातो. त्यात त्या ड्रायव्हरचा आणि मालकाचा काहीच दोष नसतो, तेही तितकेच फसलेले असतात, म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ घेऊन भांडण वाढवू नका, त्यांची साक्ष तुमच्याच कामाची आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट बघा. तुमचा कुठलाही कॉम्प्युटर हॅक झालेला नव्हता आणि कुठलाही कागद बनावट नव्हता. कागदपत्रं तपासणारं कितीही हुशार एआय तुम्ही लावलं असतं तरी त्याने सगळं ठीक आहे असंच सांगितलं असतं. फट होती ती एकाच जागी, हे खातं या गाडीच्या मालकाचं आहे हे तुम्ही कुणाच्या शब्दावर मानलं. म्हणून मी कुणाकडेही गेलो तर सॉफ्टवेअर बघायच्या आधी एका कागदावर लिहायला लावतो की आपल्या धंद्यात पैसा आणि माल हातातून नेमका कधी कधी सुटतो. ॲडव्हान्स टाकताना, डिझेल कार्डात बॅलन्स भरताना, गेटवर माल चढवताना, वाटेत गाडी बदलली जाते तेव्हा, पोच पावती आल्यावर बॅलन्स देताना, आणि पार्टीकडून, म्हणजे ज्याचा माल त्या ग्राहकाकडून, आपलं बिल वसूल होताना. या प्रत्येक ठिकाणी आपण कुणावर आणि कशावरून विश्वास ठेवतो हे लिहिलं की एआयची गरज कुठे आहे आणि कुठे फक्त एक फोन पुरेसा आहे ते आपोआप दिसतं.

तुमच्या केसमध्ये फोन पुरेसा होता. गेटवर गाडी लागली की तुमच्या माणसाने ड्रायव्हरला सांगायचं, तुझ्या फोनवरून तुझ्या मालकाला लाव, आणि मालकाला विचारायचं की किती भाडं ठरलंय, कुणी ठरवलंय आणि ॲडव्हान्स कुठल्या खात्यात टाकायचा. ड्रायव्हर आपल्या मालकाला ओळखतो, मधल्या माणसाला ओळखत नाही, त्यामुळे हा कॉल त्या माणसाला चुकवता येत नाही. दुसरं म्हणजे एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एनईएफटी आणि आरटीजीएसलाही पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांनी द्यायची आहे, तुमच्या बँकेत ती कुठे आहे ते विचारून घ्या आणि मुनीमला सक्तीने वापरायला लावा. नाव आरसीच्या मालकाशी किंवा त्याच्या फर्मशी जुळलं नाही तर पैसे थांबले पाहिजेत, मग समोरचा कितीही घाई करो.

आता इथे परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगतो, कारण वरचा नियम लिहायला सोपा आहे पण मार्केटमध्ये नाव न जुळण्याची प्रामाणिक कारणं भरपूर असतात. गाडी वडिलांच्या नावावर आणि खातं मुलाचं. गाडी विकली गेलीय पण ट्रान्सफर अजून व्हायचंय. गाडी दलालामार्फत आलीय आणि पैसे दलालाच्याच खात्यात जायची वर्षानुवर्षांची पद्धत आहे. त्यात वाहनच्या पोर्टलवर मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, अक्षरं झाकलेली असतात. दिवसाला पाच-सात गाड्या लावणारं ऑफिस हे सगळं डोक्यात ठेवू शकतं, मालक स्वतः बसलेला असतो, त्याला माणसं माहीत असतात. पण दिवसाला पन्नास-साठ गाड्या, तीन ब्रँच, चार मुनीम, शनिवारी संध्याकाळी पार्टीची घाई, असं झालं की कुणाच्याच डोक्यात सगळं राहत नाही, आणि तिथून पुढे एआयला खरं काम आहे. तुमच्या गाड्यांची संख्या तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या.

एआय चांगलं काय करतं, तर नाती जोडतं. एका मुनीमला आजची एक ट्रिप दिसते, सिस्टिमला दोन वर्षांच्या सगळ्या ट्रिप एकदम दिसतात. हा खाते नंबर याआधी वेगळ्याच गाडीमालकाच्या नावाने आपल्या वाशीच्या ऑफिसात आला होता. हा मोबाईल तीन वेगवेगळ्या फर्मची नावं सांगून तीनदा आलाय. आरसीचा हाच फोटो, त्याच सावलीसकट, मागच्या वर्षी दुसऱ्याच माणसाने पाठवला होता. या दलालाचं पॅन आणि ज्या दलालाला आपण बंद केलं त्याचा पत्ता एकच आहे. नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असलं तरी माणूस तोच आहे हे ओळखणं, बाप-लेकाचं खातं असण्याची शक्यता आणि पूर्ण अनोळखी खातं यात फरक करणं, या गोष्टी आजची मॉडेल्स बरीच चांगली करतात. त्याच्या जोडीला लहान लहान खुणा असतात ज्या एकेकट्या काहीच सांगत नाहीत, म्हणजे भाडं मार्केट रेटपेक्षा बरंच कमी, माणूस पहिल्यांदाच आलाय, बँक बंद व्हायच्या तोंडावर ॲडव्हान्स मागतोय, नेहमीपेक्षा जास्त टक्के ॲडव्हान्स मागतोय, लोडिंग झाल्यावर अचानक खाते नंबर बदलतोय. या सगळ्या एकत्र आल्या की मात्र थांबून बघायलाच पाहिजे, आणि ते एकत्र आल्याचं लक्षात येणं हेच माणसाला घाईत जमत नाही.

पण एक गणित आधी करून ठेवा, विक्रेता ते कधी करून दाखवत नाही. समजा महिन्याला हजार ट्रिप आहेत आणि त्यातल्या दोन खोट्या आहेत. सिस्टिमने शंभरातल्या पाच ट्रिपवर शंका घेतली तर महिन्याला पन्नास शंका आल्या, आणि दोन्ही खोट्या त्यात सापडल्या असं धरलं तरी अठ्ठेचाळीस वेळा ती चुकली. म्हणजे रोज दीड-दोन गाड्या तपासायला कुणीतरी पाहिजे, त्याला फोन करायचा वेळ पाहिजे आणि पैसे थांबवायचा अधिकार पाहिजे. हे केलं नाही तर महिन्याभरात मुनीम लाल दिवा बघून न बघितल्यासारखं करायला लागतो, मी हे बऱ्याच ऑफिसात पाहिलंय, स्क्रीनवर इशारे साठलेले असतात आणि कुणी उघडलेलेच नसतात. म्हणून मी इशारे जास्त असण्यापेक्षा कमी पण कारणासहित असावेत यावर अडून बसतो. नुसता धोका ७८ असा आकडा आला तर त्याचं काय करायचं? हा खाते नंबर याआधी अमुक गाडीसाठी वेगळ्या नावाने वापरला गेला होता असं मराठीत किंवा हिंदीत एक वाक्य आलं तर मुनीम लगेच योग्य फोन लावतो.

आणि पैसे सोडायचा अधिकार एआयला अजिबात देऊ नका. थांबवायचा अधिकार द्या, सोडायचा नको. हल्ली कागद वाचून आपोआप पेमेंटपर्यंत नेणाऱ्या सिस्टिम विकायला आल्यात, त्या कागदातच एआयला उद्देशून सूचना लिहून त्याला चकवता येतं, हे प्रकार सिद्ध झालेले आहेत. ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांची मंजुरी हा जुना नियम एआय आल्यावरही तसाच ठेवा.

गाडी निघाल्यावरची गोष्ट वेगळी. इथे प्रश्न माल आणि गाडी खरंच सांगितलेल्या जागी आहे का हा असतो, आणि आपल्याकडे सुदैवाने तपासायला एकापेक्षा जास्त स्वतंत्र साधनं आहेत. जीपीएस आहे, फास्टॅग आहे, ई-वे बिल आहे, मार्केटच्या गाडीत जीपीएस नसेल तर ड्रायव्हरची संमती घेऊन सिमवरून ट्रॅकिंग होतं. सरकारच्या युलिप प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे २०२२ च्या लॉजिस्टिक्स पॉलिसीबरोबर जे आलं ते, वाहन, लायसनचं सारथी, फास्टॅग, ई-वे बिल यांची माहिती नोंदणी केलेल्या सॉफ्टवेअरला मिळू शकते. तुमचा विक्रेता युलिपला जोडलेला आहे का हा मी पहिला प्रश्न विचारेन, कारण नसेल तर त्याचं एआय फक्त तुम्हीच भरलेल्या माहितीवर विचार करणार. समजा गाडी तळोज्यात भरायला उभी आहे असं तुमचा माणूस सांगतोय आणि त्याच नंबरचा फास्टॅग तासाभरापूर्वी चारोटीच्या टोलवर वाजलाय, तर समोरच्या गाडीची नंबर प्लेट खोटी असण्याची दाट शक्यता आहे, आणि हे माल चढवायच्या आधी कळलं तर अख्खा माल वाचतो. तसंच एका गाडीवर दोन उलट दिशांची ई-वे बिलं एकाच वेळी चालू असणं, किंवा ई-वे बिलाला दिवसाला २०० किलोमीटरच्या हिशोबाने मिळालेली मुदत संपत आली तरी गाडी निम्म्या रस्त्यातसुद्धा नसणं, हे बघायला खरं तर एआयसुद्धा लागत नाही, साधा नियम पुरतो. विक्रेते यालाच एआय म्हणून विकतात, विकू देत, काम झाल्याशी मतलब, पण किंमत त्या मानाने द्या.

एआय खरं लागतं ते थांब्यांमध्ये. कसारा घाटात नेटवर्क जातं, खंडाळ्यात जातं, ट्रॅफिकमध्ये गाडी तासन्‌तास उभी राहते, ड्रायव्हर झोपतो, जेवतो, त्याला ते केलंच पाहिजे. साध्या नियमाने प्रत्येक थांब्याला अलार्म वाजतो. त्या रस्त्यावरच्या आपल्याच आधीच्या शेकडो ट्रिप बघून सिस्टिम शिकते की या पट्ट्यात सिग्नल जाणं नेहमीचं आहे, या ढाब्यावर गाड्या थांबतातच, पण पडघ्याच्या पुढे या आडवाटेला आजवर एकही गाडी वळलेली नाही आणि तिथेच जीपीएसची पॉवर कापली गेलीय. डिझेलचंही तसंच, टाकीतला सेन्सर, पंपाचं बिल आणि किलोमीटर हे तिन्ही जुळवून बघितलं तर चढाचा रस्ता, जास्त वजन यामुळे जास्त लागलेलं डिझेल आणि काढलेलं डिझेल यातला फरक बऱ्यापैकी कळतो. यात मोठा पैसा वाचतो, पण मार्केटच्या गाड्यांवर हे बसवता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी ते दुय्यम आहे.

इथे ड्रायव्हरबद्दल दोन शब्द बोलायचेत, आणि हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. शंकेची सिस्टिम बसवली की पहिला संशय नेहमी ड्रायव्हरवर जातो, कारण तोच सगळ्यात हाताशी असतो. मॉडेलला गाव, जात, भाषा, वय असलं काही खायला घालू नका, आणि विक्रेता घालत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा. खोट्या इशाऱ्यामुळे एखाद्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्याचा रोज जातो, मालकाचा हप्ता चुकतो, आणि तो माणूस पुन्हा तुमच्या दारात गाडी लावत नाही. इशारा आला की आधी त्याला विचारा, नीट शब्दात विचारा, आणि शंका खोटी निघाली तर तसं सिस्टिममध्ये नोंदवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक त्याच्या वाट्याला येणार नाही. चांगले ड्रायव्हर हीच तुमची सगळ्यात जुनी सिक्युरिटी आहे, गडबड झाली की पहिला फोन त्यांचाच येतो, पण तो येतो तो तुम्ही त्यांना माणूस म्हणून वागवलं तरच.

आता सायबर हल्ल्याचा भाग. हा वेगळा विषय आहे, आणि दोन्हीवर एकच औषध आहे असं सांगणाऱ्याने दोन्हीपैकी एक नीट समजून घेतलेलं नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला वाटतं आपल्याकडे हॅक करण्यासारखं आहे काय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीच्या सिस्टिम बसल्या तेव्हा तिच्याच गटाकडच्या आपल्या न्हावा शेवाच्या जीटीआय कंटेनर टर्मिनलचं काम अडलं होतं, हल्ला झाला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून आणि कंटेनर अडकले आपल्याकडे. मर्स्कने स्वतःचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं, ती कंपनी एवढी मोठी की उभी राहिली. ब्रिटनमधली केएनपी लॉजिस्टिक्स उभी राहू शकली नाही. तिच्यातली नाइट्स ऑफ ओल्ड ही फर्म १८६५ सालापासूनची, सुमारे ५०० ट्रक, २०२३ मध्ये रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला, हिशोबाचा डेटा कुलूपबंद झाला, आणि त्याच वर्षी कंपनी बुडून सुमारे ७०० लोकांचं काम गेलं. एका कर्मचाऱ्याचा साधा पासवर्ड ओळखून ते आत शिरले असावेत असं पुढे आलं. विमा काढलेला होता तरी हे झालं. ही गोष्ट मी प्रत्येक मालकाला सांगतो, कारण गाड्या सगळ्या शाबूत होत्या, ड्रायव्हर होते, धंदा होता, फक्त कुणाकडून किती येणं आणि कुणाला किती देणं हे कळायचा मार्ग बंद झाला होता.

तुमच्या ऑफिसपुरतं बघितलं तर धोका कुठून येतो? टॅलीच्या सर्व्हरला घरून बघता यावं म्हणून रिमोट ॲक्सेस उघडा ठेवलेला असतो. ई-वे बिलाचं एकच युजरनेम-पासवर्ड सगळ्या ब्रँचमध्ये फिरत असतं, आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना ओटीपी सक्तीचा झाला तरी तो ओटीपी ग्रुपवर टाकला जातो. प्रत्येक माणसाला वेगळा सब-युजर द्या, पोर्टलवर सोय आहे. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असतं. बॅकअप त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या हार्डडिस्कवर असतो, म्हणजे व्हायरस आला की दोन्ही जातात. यातलं काहीही एआयने सुटत नाही, आणि एक पैसा एआयवर घालायच्या आधी हे सगळं व्हायला हवं. बॅकअप रोज घेऊन नंतर डिस्क काढून ठेवायची, आणि महिन्यातून एकदा त्यातून डेटा खरंच परत येतो का ते करून बघायचं.

त्यानंतर एआयची एक जागा मात्र आहे आणि ती मी आवर्जून घ्यायला सांगतो. जुना अँटीव्हायरस ओळखीचे व्हायरस पकडतो, नवीन प्रकारचं संरक्षण कॉम्प्युटरचं वागणं बघतं. रात्री दोन वाजता मुनीमच्या मशीनवरून एकदम शेकडो फायली बदलल्या जायला लागल्या, किंवा जे लॉगिन नेहमी कळंबोलीतून होतं ते अचानक परदेशातून झालं, तर ते मशीन तिथल्या तिथे नेटवर्कपासून तोडलं जातं. हे प्रति कॉम्प्युटर भाड्याने मिळतं, ट्रकवाल्यांसाठी खास वेगळं काही घ्यायची गरज नाही. ईमेलसाठीही तसंच, पार्टीच्या नावात एक अक्षर बदलून आमचं खातं बदललंय असं सांगणारा मेल चांगला फिल्टर पकडतो, पण पकडला नाही तरी खाते बदलाची खात्री जुन्या सेव्ह केलेल्या नंबरवर फोन करूनच करायची. आवाजावर विश्वास नको. शेठचा आवाज हुबेहूब बनवता येतो आता, आणि तो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी तरी कुणाचे पैसे लावणार नाही. शेठचा फोन आला तरी ठेवायचा आणि आपण परत लावायचा, शेठनेच हे मुनीमला सांगून ठेवायचं की असं केलंस तर मी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य सांगितलेलं नसतं म्हणूनच मुनीम घाबरून पैसे पाठवतो.

ड्रायव्हरच्या फोनवर आरटीओ चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, येते, उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी चोरते. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायचीच नाही, चलान बघायचं तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र ट्रॅफिकच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन बघायचं. डिझेल कार्डाचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन वेगळाच ठेवला तर अजून बरं.

आणि उलट्या बाजूची एक काळजी. ऑफिसमधली मुलं आरसी, आधार, पार्टीचे रेट असं सगळं फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून एक्सेल बनवून घेतात. काम पटकन होतं, पण ड्रायव्हरचं आधार त्याच्या परवानगीशिवाय कुठे जातंय याची जबाबदारी तुमची आहे, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. जे वापरायचं ते ऑफिसच्या खात्यातून आणि अटी वाचून.

शेवटी तुमच्या त्या विक्रेत्याकडे येऊ. त्याचा डेमो बघू नका, डेमोत सगळंच चालतं. तुमच्या मागच्या एका वर्षाच्या ट्रिप, खाते नंबर, मोबाईल, भाडं, तारखा असं सगळं नावं झाकून त्याला द्या, आणि कुठल्या ट्रिपमध्ये गडबड झाली होती ते सांगू नका. त्याने फक्त पेमेंटच्या आधी उपलब्ध असलेल्या माहितीवर यादी काढायची. तुमच्या माहितीतल्या खोट्या ट्रिप त्या यादीत किती आल्या आणि त्यासाठी किती चांगल्या ट्रिपवर बोट ठेवलं गेलं, हे दोन आकडे एका कागदावर मांडले की निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. बऱ्याच ऑफिसात असं दिसतं की खातेदाराचं नावच कुठे नोंदवलेलं नसतं, व्हॉट्सॲपवरून नंबर उचलला आणि पैसे टाकले, मग शिकायला काहीच नसतं. तसं असेल तर आधी तीन महिने फक्त नोंदी नीट ठेवा, साध्या एक्सेलमध्ये चालतील.

करारात मी चार गोष्टी बघतो. आपला डेटा आपल्याला हवा तेव्हा वापरता येईल अशा फॉरमॅटमध्ये परत मिळेल का. आपल्या पार्ट्यांचे रेट दुसऱ्या ट्रान्सपोर्टरसाठी वापरले जाणार नाहीत हे लिहिलंय का. त्यांच्याकडे हल्ला झाला तर ते आपल्याला किती तासांत कळवणार, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायची असते. आणि त्यांची सिस्टिम बंद पडली तर गाड्या कशा निघणार. २०२३ मध्ये अमेरिकेत ऑर्बकॉम या ट्रॅकिंग कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा तिचं यंत्र वापरणाऱ्या ड्रायव्हरना कामाचे तास पुन्हा कागदावर लिहायला लागले होते, म्हणून बिल्टी बुकं आणि पार्ट्यांच्या नंबरांची छापील यादी ऑफिसात असू द्या.

दर कसा लावलाय तेही बघा. तुमच्याकडे मार्केटच्या गाड्या जास्त आहेत, त्यामुळे प्रति गाडी दर असेल तर एकदाच आलेल्या गाडीचेही पैसे लागतील, प्रति ट्रिप दर मागा, आणि पहिला करार तीन महिन्यांपेक्षा जास्तीचा करू नका.